ड्रॅगनच्या गावी जाताना

म्युनिकहून प्रागला जाणाऱ्या रेल्वेत अनेक मराठी प्रवासी असतात. ही दोन्ही शहरं बहुतेकांच्या यादीत असतात. मधल्या प्रवासात जर्मनीची हद्द संपण्याआधी गाडी एका छोट्या गावाच्या स्थानकात थांबते आणि गावाच्या मानाने ते स्थानक भलतंच मोठं वाटतं. त्या गावाचं नाव फुर्ट इम वाल्ड. बव्हेरियाच्या ओबरफाल्झ भागात, काम जिल्ह्यात, जेमतेम नऊ हजार वस्तीचं हे गाव चेक सीमेला अगदी लागून आहे. तिथे सहसा कोणी उतरत नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्ही त्या बाजूला असाल, तर उतरा, निदान दोन रात्री राहा आणि त्यातला एक दिवस सीमेपलीकडे घालवा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कारण आहे ड्राखेनश्टिख, म्हणजे ड्रॅगनवधाचं लोकनाट्य. जर्मनीत अजून चालू असलेल्या जुन्यात जुन्या लोकनाट्यांत त्याची गणना होते. त्याचा लेखी उल्लेख १५९० सालापासून सापडतो, गावकरी मात्र परंपरा पाचशे वर्षांहून जुनी असल्याचं सांगतात. मुळात हे नाटक नव्हतंच. कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणाच्या मिरवणुकीत संत जॉर्ज आणि त्याने मारलेला ड्रॅगन यांचं सोंग निघायचं. ड्रॅगनच्या गळ्यात रक्ताने भरलेली पिशवी लपवलेली असे. घोडेस्वाराचा भाला तिच्यात घुसला की रक्ताची धार लागे आणि लोक फडकी घेऊन धावत. त्या रक्ताने भिजलेलं फडकं जवसाच्या शेतात नेलं की पीक चांगलं येतं, अशी श्रद्धा होती. या भागातल्या गरीब शेतकऱ्याचं सूत आणि कापड जवसावर अवलंबून होतं, हे लक्षात घेतलं की ती धावपळ समजते. पवित्र मिरवणुकीतल्या या गोंधळाला चर्चचा विरोध होताच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ड्रॅगन मिरवणुकीतून बाहेर पडला आणि ड्रॅगनवध ऑगस्टमध्ये स्वतंत्रपणे होऊ लागला. प्रेक्षागारात बसताना एवढी पूर्वकथा माहीत असली, की शेवटी भाला घुसतो तो क्षण वेगळाच दिसतो.

आजच्या नाटकाची गोष्ट १४३१ सालची आहे. जायच्या आधी ती नीट समजून घ्या, कारण संवाद जर्मनमध्ये असतात आणि भाषांतराच्या भरवशावर बसलात तर अर्धं नाटक निसटतं. धर्मसुधारक यान हुस याला १४१५ मध्ये कॉन्स्टन्स इथे जिवंत जाळलं. त्याच्या अनुयायांनी बोहेमियात शस्त्रं उचलली आणि त्यांना मोडून काढण्यासाठी पोप आणि सम्राटाच्या बाजूने एकामागून एक मोहिमा निघाल्या. सीमेवरची गावं दोन्ही सैन्यांच्या वाटेवर होती, जाळपोळ आणि लूट त्यांच्या नशिबी आली. नाटकातला ड्रॅगन या युद्धाच्या अंधारातून वर येतो. माणसांच्या द्वेषावर आणि रक्तावर तो पोसला जातो. गडाची तरुण स्वामिनी निर्वासितांना आसरा देते आणि लोकांना वाचवण्यासाठी स्वतःला ड्रॅगनच्या हवाली करायला निघते. उडो नावाचा सरदार परत येतो आणि ड्रॅगनला मारतो. १९५२ साली लेखक योझेफ मार्टिन बाउअर यांनी लिहिलेली संहिता अनेक दशकं चालली, पुढे ती नव्याने लिहिली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सातच वर्षांनी, सीमेवरच्या गावाने युद्धाचंच रूप असलेला ड्रॅगन रंगमंचावर आणला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सरदार आणि स्वामिनी गावातलेच असतात. दर वर्षी नवी जोडी निवडली जाते आणि त्या तरुण-तरुणीचं ते वर्ष त्यातच जातं. घोडेस्वारीची तालीम, संवादांचं पाठांतर, गावोगावच्या कार्यक्रमांत पाहुणे म्हणून हजेरी, सगळं त्यात आलं. गर्दीच्या प्रसंगांत सैनिक, शेतकरी, भिक्षू, निर्वासित होणारी शेकडो माणसंही तिथलीच. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल. सोंग घेणारा आणि पाहणारा एकमेकांना वर्षभर ओळखतात, म्हणून त्या खेळाला ताकद येते. दुपारी ज्या बाईंच्या दुकानातून पाव घ्याल, त्या रात्री मशाल घेऊन चौकातून पळताना दिसू शकतात.

आता ड्रॅगनविषयी. पूर्वी त्याला माणसं उचलून नेत, नंतर आत चाकांचं वाहन आलं. २०१० पासून चौकात येतो तो ट्राडिनो, परंपरा आणि नावीन्य या दोन शब्दांचा जोड करून ठेवलेलं नाव. जवळच्या त्सांट गावातल्या त्सोल्नर इलेक्ट्रॉनिक कंपनीने तो बनवला. तो चार पायांवर खरोखर चालतो. जगातला सर्वांत मोठा चालणारा यंत्रमानव म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे: लांबी १५.७२ मीटर, पंख पसरल्यावर रुंदी १२.३३ मीटर, उंची ८.२० मीटर. वजन सुमारे ११ टन. पोटात डिझेल इंजिन आहे, सांधे हायड्रॉलिक दाबावर हलतात आणि एक चमू त्याला दूरनियंत्रणाने चालवतो. पण आकड्यांनी त्याची कल्पना येत नाही. जवळून पाहाल तर लक्षात येईल की तो श्वास घेतो, पापण्या मिटतो, मान वळवून गर्दीकडे पाहतो, नाकपुड्यांतून धूर सोडतो. चालताना एक पाय उचलला की बाकीच्या तिघांवर भार सरकतो आणि सगळं अंग एका बाजूला किंचित झुकतं, जिवंत जनावराचं झुकतं तसंच. मग तो तोंड उघडतो आणि आगीचा लोळ बाहेर पडतो. त्याची ऊब प्रेक्षकांपर्यंत पोहोचते.

ऑगस्टखेरीज जाणाऱ्यांनी निराश होऊ नये. ट्राडिनो वर्षातला बराच काळ ड्राखेनहोले, म्हणजे ड्रॅगनच्या गुहेत ठेवलेला असतो आणि ती पाहता येते. ठरावीक वेळी त्याला चालवूनही दाखवतात. या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याआधी नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बघा. लहान मुलं बरोबर असतील तर आधी गुहा, मग नाटक, असा क्रम ठेवा. दिवसाउजेडी ड्रॅगन शांत उभा पाहिलेलं मूल रात्री आग पाहून घाबरत नाही.

नाटकाची तिकिटं आधी काढा. प्रयोग गावाच्या मुख्य चौकात होतो, त्यासाठी चौकात उतरती आसनं उभारतात आणि प्रत्येक जागेला क्रमांक असतो. त्या वर्षीच्या तारखा जाहीर झाल्या की शनिवार-रविवारचे प्रयोग लवकर भरतात. मधल्या वारी जागा मिळण्याची शक्यता जास्त आणि गर्दीही कमी. प्रयोग उघड्यावर असतो. ऑगस्ट असला तरी बोहेमियन जंगलाच्या कुशीत रात्री बऱ्यापैकी गारवा पडतो, जाड जाकीट हवंच. पाऊस येईल असं वाटत असेल तर रेनकोट घ्या, छत्री नको, कारण उघडलेल्या छत्रीमागे बसणाऱ्याला काहीच दिसत नाही. घोडे भरधाव चौकात येतात, तोफाबंदुकांचे आवाज होतात, धूर असतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि तान्ह्या मुलांच्या आईवडिलांनी अगदी पुढच्या रांगा टाळाव्यात. फ्लॅश लावून फोटो काढू नका, समोर घोडे आहेत आणि त्यांच्या पाठीवर गावातली मुलं बसलेली आहेत.

उत्सवातल्या रविवारी ऐतिहासिक मिरवणूक निघते. वेगवेगळ्या काळांतले पोशाख, घोडे, बैलगाड्या, ढोल, वाद्यवृंद असा तो मोठा प्रवाह असतो. तिच्यासाठी लवकर जाऊन जागा धरा, शक्यतो चढावाच्या कडेला, म्हणजे लांबून येणारी रांगही दिसते. पोशाखांकडे नीट पाहा. बहुतेक हाताने शिवलेले आणि घरोघरी जपलेले असतात. आपण मात्र विमानतळावर मिळणारी स्वस्त चामडी चड्डी घालून त्यात सामील होऊ नये. साध्या स्वच्छ कपड्यांत गेलेला पाहुणा त्यांना जास्त आवडतो. साडी किंवा कुर्ता घालून गेलात तर आनंदाने चौकशी करतील. उत्सवाच्या मैदानावर बिअरचा मोठा तंबू, पाळणे, खाण्याच्या टपऱ्या असतात. तिथे संध्याकाळ घालवायला हरकत नाही, पण वेळ कमी असेल तर मी तो गावाच्या गल्ल्यांना आणि जमिनीखालच्या खडकात कोरलेल्या जुन्या भुयारांना देईन. भुयारं वाटाड्याबरोबरच पाहता येतात.

आता सीमेपलीकडे चला. माझ्या मते सहलीचा हा भाग वगळला तर फुर्ट अर्धंच पाहिल्यासारखं होतं. नाटक ज्या युद्धाविषयी आहे, त्यातली निर्णायक लढाई १४ ऑगस्ट १४३१ रोजी झाली ती डोमाझ्लित्सेजवळ. ते चेक गाव फुर्टहून रेल्वेने साधारण अर्ध्या तासाच्या आत येतं. जर्मन लोक त्याला टाउस म्हणत. पोपचा दूत कार्डिनल चेझारिनी आणि ब्रांडेनबुर्गचा फ्रिडरिक यांनी आणलेलं मोठं सैन्य हुसपंथी जवळ आल्याचं कळताच मोडलं आणि पळत सुटलं. शत्रूचं सामूहिक गीत आणि युद्धगाड्यांचा खडखडाट ऐकूनच ते पळाले, असं चेक लोक अभिमानाने सांगतात. सीमेच्या एका बाजूला ज्या वर्षाची आठवण ड्रॅगन म्हणून जपली आहे, तेच वर्ष दुसऱ्या बाजूला विजयाचं आहे. दोन्ही गावांत एका आठवड्यात फिरलात तर इतिहासाचं पुस्तक न उघडता हे डोळ्यांसमोर येतं.

तारखांचा योगही चांगला आहे. डोमाझ्लित्से हे खोद लोकांचं मुख्य गाव. हे लोक पूर्वी राजाच्या वतीने या सरहद्दीवर पहारा देत, त्याबदल्यात त्यांना खास हक्क होते आणि कुत्र्याचं मुंडकं हे त्यांचं चिन्ह होतं. हे हक्क काढून घेतले गेले तेव्हा त्यांनी लढा दिला. त्यांचा पुढारी यान स्लादकी कोझिना याला १६९५ साली पिल्झेनमध्ये फाशी दिलं. या खोद लोकांचा उत्सव दहा ऑगस्टच्या, म्हणजे संत लॉरेन्सच्या दिवसाच्या आसपासच्या शनिवार-रविवारी असतो. त्याच सुमारास सीमेअलीकडे ड्राखेनश्टिख चालू असतो. कमानींनी दोन्ही बाजूंनी सजलेला डोमाझ्लित्सेचा लांबलचक चौक लोकांनी भरून जातो. वाद्यांत मान असतो तो मशकबीनसारख्या फुंकवाद्याचा, त्याला ते दुदी म्हणतात. बायकांचे लाल-फुलांचे घागरे आणि डोक्यावरचे रुमाल ही नुसती कार्यक्रमाची वेशभूषा नाही, अनेक घरांत ते आजीपासून नातीकडे येतात.

तिथे खोद कोलाच नक्की खा. थाळीएवढी गोल, गोड यीस्टची पोळी असते. तिच्यावर घट्ट दह्यासारखं चीज, खसखस आणि आलुबुखाराचा मुरंबा यांनी चक्राकार नक्षी काढतात. ज्या घरात लग्न असतं तिथे हे कोलाच शेकड्यांनी भाजून शेजाऱ्यांना वाटण्याची रीत आहे. त्यात अंडं आणि लोणी असतं, मांस नाही. चौकाच्या कडेला गोल बुरूज आहे, तोच चर्चचा मनोरा. तो किंचित कललेला आहे. वर चढलात तर जर्मन बाजूचे डोंगर दिसतात.

सीमा ओलांडताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. चेक प्रजासत्ताक २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. पण जर्मनीने अलीकडच्या काळात आपल्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे आणि परतीच्या गाडीत पोलीस चढून कागद मागतात. हॉटेलात पासपोर्ट ठेवून फोटोवर भागवण्याचा विचार करू नका. चेक बाजूला युरो अनेक ठिकाणी घेतात, पण भाव तोट्याचा पडतो. कार्डाने किंवा चेक कोरुनात पैसे द्या.

या भागात विसाव्या शतकाच्या खुणा मुद्दाम शोधाव्या लागतात, आणि शोधाव्यात. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून घालवून दिलेल्या जर्मनभाषकांच्या मालगाड्या १९४६ मध्ये फुर्टच्या या मोठ्या स्थानकात येत असत. लाखो माणसं इथून पुढे जर्मनीत पांगली. त्यानंतर चाळीस वर्षं पलीकडे तारेचं कुंपण होतं आणि गाव जगाच्या टोकाला असल्यासारखं झालं. जवळच्या होअर बोगेन डोंगरावर जा. पायथ्याच्या नॉयकिर्शेनहून खुर्च्यांच्या रोपवेने वर पोहोचता येतं. शिखराच्या धारेवर काँक्रीटचे उंच मनोरे उभे आहेत. नाटोची सैन्यं तिथून पूर्वेकडचे रेडिओसंदेश ऐकत. स्वच्छ हवेत समोर चेक बाजूचा चेर्खोव डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर पलीकडच्या लष्कराचं असंच ऐकण्याचं ठाणं होतं. दोन डोंगरांच्या मधली ही दरी पाहिली की खालच्या चौकातला ड्रॅगन नुसता मुलांचा खेळ वाटत नाही.

नॉयकिर्शेनमध्येच एक तीर्थक्षेत्र आहे. गावाचं पूर्ण नाव नॉयकिर्शेन बाइम हायलिगेन ब्लुट, म्हणजे पवित्र रक्ताजवळचं. आख्यायिका अशी की एका हुसपंथी सैनिकाने मेरीची लाकडी मूर्ती विहिरीत फेकली, ती पुन्हा पुन्हा जागेवर आली, तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर तलवार मारली आणि जखमेतून रक्त वाहिलं. मूर्ती आजही वेदीवर आहे, डोक्यातल्या तलवारीसकट. चर्चमध्ये जाताना गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत, प्रार्थना चालू असेल तर मागे उभं राहावं. विशेष म्हणजे ज्या बोहेमियाच्या सैनिकाची ही कथा, त्याच बोहेमियातून शतकानुशतकं इथे यात्रेकरू चालत येत. सीमा बंद झाली तेव्हा ती वाट तुटली, उघडल्यावर पुन्हा सुरू झाली. मात्र इथल्या बसगाड्या शनिवार-रविवारी फार कमी असतात. जाण्याबरोबरच परतीची बस आधी पाहून ठेवा, नाहीतर टॅक्सीला पर्याय उरत नाही.

प्रवासाची तयारी थोडक्यात सांगतो. पर्यटनासाठी शेंगेनचा अल्पकालीन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. प्रौढांना शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण दाखवावं लागतं. ऑगस्टसाठी एप्रिलमध्येच तारीख घ्या, मुंबई-पुण्यात उन्हाळ्यात अर्जांची गर्दी असते. कुठल्या देशाकडे अर्ज करायचा, हे रात्री मोजून ठरवा. प्रागमध्ये जर्मनीपेक्षा जास्त रात्री काढणार असाल, तर अर्ज चेक दूतावासाकडे जायला हवा. या एका गोष्टीवरून अर्ज नाकारला जाऊ शकतो.

म्युनिकहून प्रागकडे जाणाऱ्या थेट गाडीने फुर्ट साधारण तीन तासांवर आहे, प्रागहूनही जवळपास तेवढंच. म्हणजे दोन्ही शहरांच्या मधोमध मुक्काम करून पुढे जाता येतं, वाट वाकडी करावी लागत नाही. उन्हाळ्यात या गाड्या भरतात, जागा राखून ठेवा. न्युरेम्बर्गहून येत असाल तर श्वांडॉर्फला गाडी बदला. बव्हेरियात राहणाऱ्यांसाठी किंवा गटाने फिरणाऱ्यांसाठी बायर्न तिकीट सोयीचं: एका दिवसासाठी एक ते पाच जणांना प्रादेशिक गाड्यांत चालतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायला विसरू नका, ती नसतील तर तपासनीस दंड करतो. वेगवान आंतरशहरी गाड्यांत हे तिकीट चालत नाही.

नाटकाच्या रात्री मुक्काम फुर्टमध्येच करा. प्रयोग उशिरा संपतो आणि शेवटची गाडी चुकली तर रात्र स्थानकात काढावी लागेल. गावात मोठी हॉटेलं फारशी नाहीत. गास्टहोफ आणि पेन्झिओन म्हणतात अशी घरगुती निवासं असतात, कुटुंबासाठी स्वयंपाकघर असलेलं सुट्टीतलं घरही मिळतं. ती उत्सवाच्या दिवसांत महिनोन्‌महिने आधी भरतात. फुर्टमध्ये जागा नसेल तर काम किंवा डोमाझ्लित्सेत शोधा, पण मग रात्रीच्या शेवटच्या गाडीची वेळ कागदावर लिहून ठेवा. सोबत रोख युरो बाळगा, छोट्या खाणावळींत अजूनही कार्ड न घेण्याची पद्धत आहे. रविवारी दुकानं बंद असतात. १५ ऑगस्टलाही या कॅथलिक भागात मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते, आणि त्या दिवशी दूधसुद्धा विकत मिळणं कठीण. आदल्या दिवशी संध्याकाळी आठच्या आत खरेदी उरका.

शाकाहारी माणसाने इथे जरा सावध राहायला हवं, उपाशी मात्र राहावं लागत नाही. चीज घातलेले श्पेट्झले, मशरूमच्या सायीच्या रश्शातले पावाचे गोळे, आप्फेलश्ट्रुडेल, काइझरश्मार्न हे सगळीकडे मिळतं. पण श्पेट्झले आणि पावाचे गोळे दोन्हींत अंडं असतं, आणि गोळ्यांत किंवा कोबीच्या भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. बव्हेरियातलं बटाट्याचं सॅलड बऱ्याचदा मांसाच्या अर्कात करतात, दिसायला मात्र आपल्या बटाट्याच्या भाजीसारखं निरुपद्रवी. म्हणून नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून थांबू नका. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने फ्लाइशब्र्यूहे’, म्हणजे मांस नको, डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत, मांसाचा अर्क नको, असं स्पष्ट विचारा. अंडं न खाणाऱ्यांना ब्रेड, चीजची ताटली, ओबात्झ्दा नावाचं कांदा-लोणी घातलेलं चीज, आणि बेकरीतल्या गोष्टी मिळतात. ब्रेत्झेल कधी डुकराच्या चरबीत करतात, तेही विचारून घ्या. स्वयंपाकघरं दुपारी दोन ते पाच बंद असतात आणि रात्री साडेआठनंतर गरम जेवण मिळेलच असं नाही. नाटकाच्या दिवशी सहाच्या आत जेवा. बिअर घ्यायलाच हवी असं काही नाही, सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेली आप्फेलशोर्ले सगळेच पितात.

वागण्याच्या दोन-तीन गोष्टी. दुकानात, खाणावळीत, लिफ्टमध्ये शिरताना ‘ग्र्यूस गोट’ म्हणा. न बोलता शिरलेला माणूस त्यांना उद्धट वाटतो, आणि एवढ्या दोन शब्दांनी चेहरे बदलतात. खाणावळीत रिकाम्या खुर्च्या असलेल्या मोठ्या मेजावर बसायला हरकत नाही, पण आधी विचारा. एखाद्या मेजावर श्टामटिश अशी पाटी असेल तर तिथे बसू नका, ते रोज येणाऱ्या गावकऱ्यांचं ठरलेलं मेज असतं. मागच्या बाजूने घोड्याजवळ जाऊ नका आणि मुलांनाही जाऊ देऊ नका. नाटकात काम करणाऱ्यांचे फोटो प्रयोगानंतर विचारून काढा, बहुतेक जण आनंदाने उभे राहतात.

ऑगस्ट जमत नसेल तर वसंतातले दोन दिवस लक्षात ठेवा. ईस्टरच्या सोमवारी फुर्टमध्ये लेओनहार्डीरिट असतो. गुराढोरांचा आणि घोड्यांचा रक्षक असलेल्या संत लेओनार्डच्या नावाने सजवलेले घोडे घेऊन लोक निघतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. दुसरा दिवस त्यानंतर सात आठवड्यांनी, पेंटेकोस्टच्या सोमवारी, जवळच्या बाड क्योट्झटिंग गावात. १४१२ साली एका मरणासन्न माणसाकडे शेवटचा संस्कार द्यायला धर्मगुरूला जायचं होतं. वाटेत धोका होता, म्हणून गावातले तरुण घोड्यांवरून त्याच्या सोबत गेले आणि सुखरूप परत आले. त्या नवसाची फेरी अजून निघते. नऊशेच्या आसपास स्वार जुन्या पोशाखांत, प्रार्थना म्हणत, सुमारे सात किलोमीटरवरच्या श्टाइनब्यूल गावच्या चर्चपर्यंत जातात. ती भल्या सकाळी निघते, म्हणून आदल्या रात्री तिथेच मुक्काम हवा. तिला तिकीट नसतं आणि प्रेक्षकांसाठी मांडलेल्या खुर्च्याही नसतात. रस्त्याच्या कडेला गवतात उभं राहून पाहायचं, रांग जात असताना टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण ती प्रार्थना आहे.